आपण गेलो नाही तरी होणारा सण

दरवर्षी १७ मार्चला दुपारी बारा वाजता डब्लिनच्या पार्नेल चौकातून सेंट पॅट्रिकची मिरवणूक निघते, ओ'कॉनेल रस्त्याने खाली येऊन लिफी नदीवरचा पूल ओलांडते आणि पलीकडच्या जुन्या शहरात शिरते. दुतर्फा लाखो माणसे उभी असतात, त्यांत परदेशी पाहुण्यांचा भरणा मोठा असतो. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांची बँडपथके, दोन-दोन मजली बाहुले, उंच बांबूपायांवर चालणारे कलाकार, हिरव्या टोप्या आणि गालांवर रंगवलेली तिपानी असा तो थाट. परदेशी फिरायला जाताना नुसते किल्ले आणि धबधबे न पाहता तिथला एखादा सण गाठावा, असा विचार अलीकडे मराठी घरांतही होऊ लागला आहे. हा विचार फार चांगला आहे, कारण माणसे एरवी जे बोलून दाखवत नाहीत ते सणाच्या दिवशी सहज करून दाखवतात. आयर्लंडचे नाव निघाले की मात्र पहिले बोट याच मिरवणुकीवर ठेवले जाते, आणि तिथेच माझा मतभेद आहे. आयर्लंडचा सण पाहायला एवढे सात समुद्र ओलांडायचे, तर जो सण आपण गेलो नाही तरी तसाच होणार आहे, तो गाठावा.

असे का, ते कळायला या मिरवणुकीचा प्रवास पाहावा लागतो. पॅट्रिक मुळात आयरिश नव्हता. पाचव्या शतकात रोमन ब्रिटनमधून पळवून आणलेला तो गुलाम मुलगा. सुटून घरी गेला आणि पुढे धर्मप्रसारक होऊन याच बेटावर परत आला. त्याचा स्मृतिदिन आयर्लंडात शतकानुशतके पाळला जात होता. चर्चला जायचे, कोटाला शॅमरॉकची, म्हणजे तिपानीची, डहाळी खोचायची, आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मध्येच आलेला हा दिवस जरा मोकळेपणाने खाऊन-पिऊन घालवायचा, एवढाच तो घरगुती मामला. भर रस्त्यातली भव्य मिरवणूक वाढली ती अमेरिकेत. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची आहे, आणि तिच्या आरंभी ब्रिटिश सैन्यात नोकरीला असलेले आयरिश शिपाई होते. पुढे १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. बोस्टन-न्यूयॉर्कच्या कारखान्यांच्या दारात ज्यांचा धर्म आणि ज्यांचे उच्चार हिणवले जात, त्यांनी वर्षातून एक दिवस शहराचा मुख्य रस्ता अडवून छाती काढून चालायचे, याला फार मोठा अर्थ होता. आम्ही इथे आहोत आणि इतक्या संख्येने आहोत, हे त्यांना त्या शहराला दाखवायचे होते.

मायदेशात लोकांना तशी गरज नव्हती. आयर्लंडात १७ मार्चची सार्वजनिक सुट्टीच मुळी १९०३ साली, लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या कायद्याने मिळाली. त्याआधी आणि नंतरही काही गावांत मिरवणुका निघत, नाही असे नाही. पण राजधानीत स्वातंत्र्यानंतरच्या नव्या आयरिश राज्याचे अधिकृत लष्करी संचलन झाले ते १९३१ साली. १९२०च्या दशकात केलेल्या कायद्याने त्या दिवशी पबना टाळे असे आणि ते काही दशके टिकले, हे आज कोणाला सांगून खरे वाटणार नाही. १९५०च्या दशकात डब्लिनच्या मिरवणुकीत कारखानदारांचे मालमोटारींवरचे देखावे होते, म्हणजे ते एक चालते-फिरते औद्योगिक प्रदर्शन होते. आजचा महोत्सव सरकारने १९९५ साली योजून ठरवला आणि १९९६ साली पहिल्यांदा भरवला. आपल्या देशाची हौशी, कल्पक, पाहुण्यांना आवडेल अशी ओळख जगापुढे यावी, हा त्यामागचा उघड हेतू होता. परदेशी गेलेल्या लेकरांनी तिकडे वाढवलेला सण असा दीडशे-दोनशे वर्षांनी आईच्या दारात परत आला, आणि तिने तो आपला म्हणून आत घेतला. मला ही गोष्ट हृद्य वाटते. त्या मिरवणुकीला खोटे म्हणायची माझी तयारी नाही. पण ती घराची ओसरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून सारवून, रांगोळी घालून ठेवलेली. आयर्लंडचे माजघर वेगळीकडे आहे, आणि वर्षाच्या वेगळ्या महिन्यांत उघडते.

हॅलोविनचेही तसेच झाले आहे. ३१ ऑक्टोबरची रात्र ही जुन्या आयरिश वर्षाची सरती रात्र, साउइन. कापणी संपलेली, गुरे डोंगरावरून गोठ्यात परतलेली, आणि मेलेली माणसे घराकडे फिरकतात अशी समजूत. पोरे सलगम पोखरून त्याला भेसूर तोंड कोरत आणि आत दिवा ठेवत. मेयो काउंटीतल्या टर्लो गावच्या राष्ट्रीय लोकजीवन संग्रहालयात अशा एका कोरलेल्या सलगमाचा प्लास्टरमधला ठसा ठेवला आहे. सुरकुतलेले, दात विचकलेले ते तोंड पाहिले की नारिंगी भोपळ्याचा हसरा चेहरा अगदीच बाळबोध वाटतो. सलगम बाजूला पडून भोपळा आला तो अमेरिकेतून, याच वाटेने. उत्तरेकडच्या डेरी शहरात १९८६ पासून या रात्रीचा मोठा सोहळा होतो आणि तो प्रेक्षणीय असतो. पण त्या दिवसांत आयरिश घरात चहासोबत बार्मब्रॅकचा काप समोर येतो, मनुका घातलेला तो पाव, ज्यात एक अंगठी लपवून भाजलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्षभरात लग्न ठरणार, असे मानतात. या दोन गोष्टींत निवड करायची वेळ आली तर मी तो काप निवडायला सांगेन.

माजघर म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते २६ डिसेंबरला, केरी काउंटीतल्या डिंगल गावी. अटलांटिक समुद्रात शिरलेल्या एका लांबट भूशिरावरचे हे मासेमारीचे बंदर, वस्ती जेमतेम दोन हजारांची. गावाच्या पश्चिमेला गेलात की घराघरांत आयरिश भाषा बोलली जाते. त्या दिवसाला इथे रेनचा दिवस म्हणतात. रेन हा मुठीत मावेल एवढा, तपकिरी, शेपटी उभी धरणारा पक्षी. सर्वांत उंच उडेल तो पक्ष्यांचा राजा, अशी पैज लागली. रेन गरुडाच्या पिसांत लपून बसला, गरुड थकला तेव्हा बाहेर येऊन वीतभर आणखी वर उडाला आणि राजा झाला, अशी त्याची गोष्ट. पूर्वी पोरे कुंपणाच्या झुडपांतून काठ्यांनी हुसकावून खरोखरच हा पक्षी मारत, होली नावाच्या झुडपाच्या काटेरी डहाळीला बांधून दारोदार नेत आणि त्याला मूठमाती देण्यासाठी म्हणून पैसे मागत. आता पक्षी मारत नाहीत. बाकी सारे आहे. गावातल्या गल्ल्यांचे वेगवेगळे चमू, प्रत्येकाचे रंग आणि निशाण वेगळे, पुढे आडवी बासरी आणि ढोल, लाकडी जबडा फटाफट वाजवणारा पांढरा सोंगाचा घोडा, आणि पेंढ्याचे पोशाख घातलेली, तोंडे झाकलेली माणसे.

तो पेंढ्याचा पोशाख जवळून पाहण्यासारखा असतो. काडाच्या लहान लहान जुड्या दोरीला एकाशेजारी एक बांधत झालरी करायच्या. एक झालर गळ्यापासून छातीवर उतरते, दुसरी कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत, आणि डोक्यावर शंकूसारखी निमुळती टोपी जी खाली ओढली की तोंड दिसेनासे होते. काड लांब आणि न मोडलेले लागते. कापणी-मळणी एकदम करणाऱ्या यंत्रातून निघालेले तुकडे कामाचे नाहीत, म्हणून ते मुद्दाम राखून ठेवावे लागते. माणूस चालू लागला की सबंध अंगाची सळसळ होते. केरीचा डिसेंबरचा पाऊस त्यावर पडला की पोशाख जड होत जातो, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर पेंढा सांडलेला असतो. ख्रिसमसला घरी आलेला बँकेतला कारकून, मासेमारी बोटीवरचा खलाशी, कॉलेजातली मुलगी, सगळे त्या पेंढ्याच्या आत. कोण कोण आहे हे शेजाऱ्याने ओळखायचे आणि न ओळखल्यासारखे करायचे. शिमग्याची सोंगे पाहिलेल्या कोकणी माणसाला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. जमलेले पैसे हल्ली धर्मादाय कामाला जातात. चमू पबमध्ये शिरतो, बाहेर पडतो, पुन्हा गल्लीला वळसा घालतो. बघे आणि सोंगे यांच्यामध्ये कठडा नसतो. या दिवशी एकही परका डिंगलमध्ये आला नाही, तरी ढोल त्याच वेळेला वाजेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. परंपरा सगळ्याच कधी ना कधी कोणीतरी घडवलेल्या असतात; मग १९९६चा महोत्सव उणा आणि रेनचा दिवस अस्सल, हे कोणत्या न्यायाने? मराठी माणसाने तर हा प्रश्न मनावर घ्यायलाच हवा. घरातला गणपती १८९३ नंतर चौकात आला तो लोकमान्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या विचारपूर्वक प्रयत्नाने, राजकीय हेतूने. त्याला आज कोणी बनावट म्हणत नाही. याच टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा नावच आयर्लंडच्या चळवळीतून घेतले होते, तेव्हा सण आणि राष्ट्र यांचे नाते त्या देशाला आणि आपल्याला सारखेच ठाऊक आहे. म्हणूनच मी वय हा निकष धरत नाही. रेनचा दिवसही बदलला आहेच: पक्षी वाचला, एकेकाळी पुरुषांचा असलेला खेळ बायका-मुलींनाही मोकळा झाला, जमा पैशांची वाट बदलली. हे बदल केले कोणी, तर ज्यांना तो सण दुसऱ्या वर्षी पुन्हा करायचा होता त्यांनीच. डब्लिनच्या महोत्सवाची आखणी करताना बाहेरून येणाऱ्याला काय दिसेल, हा प्रश्न टेबलावर असतो. डिंगलमध्ये तो कोणी विचारत नाही. माझा सगळा आग्रह या फरकावर उभा आहे.

सेंट ब्रिजिडच्या दिवसाची हकिगत याच अंगाने पाहावी. १ फेब्रुवारी हा आयरिश पंचांगात वसंताचा पहिला दिवस. आदल्या संध्याकाळी ओलसर माळावरची लव्हाळ्याची पाती उपटून आणतात. कापायची नाहीत, उपटायची, असा संकेत आहे. एक पाते उभे धरायचे, दुसरे मधोमध दुमडून त्याच्याभोवती घालायचे, पाव वळसा फिरवायचे, तिसरे दुमडून त्यावर, पुन्हा फिरवायचे. बोटे घट्ट असली तर मधोमध हिरवा चौकोन तिरप्या घडीने वाढत जातो, आणि शेवटी चार हात बांधून टोके कापली की ब्रिजिडचा क्रूस तयार. तो दारावर किंवा आढ्याला खोचतात. घर आगीपासून राखले जाते, अशी श्रद्धा. आढ्याला जुने, काळपटलेले क्रूस ओळीने राहू देण्याची पद्धत होती, त्यावरून घराची वर्षे मोजता येत. रात्री खिडकीबाहेर कापडाचा तुकडा ठेवतात. पहाटेच्या दवाने तो ब्रिजिडचा होतो आणि डोकेदुखीवर बांधायला वर्षभर जपून ठेवला जातो. या दिवसाला सरकारी मान फार उशिरा मिळाला. २०२३ पासून ती सार्वजनिक सुट्टी झाली, आणि बाईच्या नावाने असलेली आयर्लंडची ती पहिलीच. २०२२च्या जानेवारीत हा निर्णय जाहीर झाला तेव्हा उपपंतप्रधान आणि उद्योगमंत्री होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड. सुट्टी मिळाल्याने कार्यक्रम वाढले, ब्रिजिडशी जोडलेल्या किल्डेअर गावी पाहुणे वाढले. लव्हाळे उपटण्याची संध्याकाळ मात्र सुट्टीच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे, आणि एखाद्या गावच्या सभागृहात म्हाताऱ्या बाईशेजारी बसून क्रूस वळायला शिकणे हा मिरवणुकीहून मोठा सोहळा आहे, असे मी मानतो.

दुसरा आक्षेप असा, की बाहेरचे लोक डब्लिनलाच गेलेले बरे. छोट्या गावांत लोंढे गेले तर ती गावेही ओसरी होऊन बसतील. ही भीती खरी आहे. मेयोमध्ये ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर आहे, जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही अनवाणी, निसटत्या दगडगोट्यांवरून. अलीकडे मात्र यात्रेकरूंपेक्षा वर्षभर हौसेने चढणाऱ्यांच्या पायांनी ती वाट इतकी झिजली, की दगड रचून तिची डागडुजी करावी लागली. तेव्हा 'छोटे गाव गाठा' हा सल्ला सरसकट देता येत नाही, हे मी मान्य करतो. पण उपाय सगळ्यांना एकाच रस्त्यावर उभे करणे हा नाही. जायची रीत बदलता येते. डिंगलला तासाभरासाठी बसमधून उतरणारे पन्नास जण आणि चार रात्री मुक्कामाला राहून रोज त्याच दुकानात पाव घेणारे दोघे, यांचा भार गावावर सारखा पडत नाही. ते दोघे तिसऱ्या दिवशी ओळखीचे झालेले असतात. ढोल वाजू लागला की त्यांना कोणीतरी भिंतीशी सरकवून जागा करून देते, आणि मोबाइल खिशात ठेवायचा हे त्यांना सांगावे लागत नाही. पेंढ्याच्या टोपीखालचा चेहरा दिसावा म्हणून कॅमेरा आत घालणारा माणूस त्या खेळाचा प्राणच काढून घेत असतो.

माजघरात गेले की तिथले सगळेच गोड लागते असेही नाही, आणि प्रवाशाने ते सोसायची तयारी ठेवावी. किलऑर्ग्लिन गावची पक जत्रा १० ते १२ ऑगस्टला भरते. डोंगरातून पकडून आणलेल्या रानबोकडाला मुकुट घालून उंच मचाणावर राजा म्हणून बसवतात. या जत्रेची राजसनद १६१३ सालची आहे. प्राणिमित्रांचा बोकडाला असे बसवण्याला विरोध आहे, आणि २०२२ साली उकाडा वाढल्यावर बोकडाला खाली आणावे लागले. विरोधकांची बाजू मला पटते. ज्या देशाने रेन पक्ष्याला सोडून दिले तो बोकडालाही कधीतरी सोडील. उत्तर आयर्लंडातला १२ जुलै याहून अवघड. १६९०च्या बॉइनच्या लढाईतील प्रोटेस्टंट राजाच्या विजयाची आठवण म्हणून ऑरेंज संघटनेच्या मिरवणुका निघतात, आणि कोणती मिरवणूक कोणत्या वस्तीतून जाईल यावरून इतकी रक्तरंजित भांडणे झाली, की वादग्रस्त मार्गांचा निर्णय करायला स्वतंत्र आयोग नेमावा लागला. डब्लिनमध्ये हिरवी टोपी घालून नाचलेल्या पाहुण्याला हे कळायचे कारण नाही, की त्याच बेटावर रस्त्याने ढोल वाजवत जाणे ही शेजाऱ्याला दिलेली धमकीही ठरू शकते.

राहिला खर्चाचा आणि सोयीचा मुद्दा. पर्यटन कंपन्यांच्या सहलींत फेब्रुवारी किंवा डिसेंबरचे आयर्लंड सहसा नसते. दिवस लहान, हवा ओली, डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्यास्त. हे खरेच आहे, आणि ज्याला ऊन हवे त्याने जाऊ नये. पण ऐन हिवाळा हा तिथे मोठ्या गर्दीचा काळ नव्हे, आणि राजधानीतल्या मार्चमधल्या महोत्सवाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर कुठे जातात हे पाहिले तर लहान गावातला मुक्काम महाग पडतोच असे नाही. तयारी मात्र नीट हवी. शेंगेन व्हिसा आयर्लंडात चालत नाही, वेगळा काढावा लागतो. २५ डिसेंबरला डब्लिनचा विमानतळसुद्धा बंद असतो, बस-रेल्वे चालत नाहीत आणि २६ला अगदी तुरळक असतात. म्हणून रेनच्या दिवसासाठी २४च्या आतच डिंगलला पोचून राहायला हवे. सर्वांत जवळचे रेल्वे स्टेशन ट्रलीचे, तेही पन्नास किलोमीटरवर. खिशात सुटी नाणी असू द्यावीत, कारण पैशांची पेटी समोर येतेच.

आणि रजा मार्चमध्येच मिळत असेल, तरीही वाट आहे. १७ मार्चला डिंगलची मिरवणूक सकाळी सहा वाजता निघते. जमीनदारांविरुद्धच्या लढ्याच्या काळात बंदी चुकवण्यासाठी पोलीस उठायच्या आत बँड बाहेर पडे, असे तिथे सांगतात. आता बंदी नाही, पोलिसांची भीती नाही, तरी वेळ तीच ठेवली आहे. मार्चमध्ये तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. अंधारात बासऱ्या आणि ढोल चालू लागतात, दारे उघडतात, अंगावर कोट चढवत माणसे बाहेर येतात आणि बँडच्या मागून चालू लागतात.